वाटाघाटीच्या टेबलावरचा पगार आणि अर्धवट हिशेब

अमेरिकेत कामगार संघटनांवरून वाद पेटला की एक आकडा हमखास पुढे येतो. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४च्या पाहणीनुसार कामगार-संबंध तज्ज्ञांचा, म्हणजे संघटना आणि मालक यांच्यातले करार आणि तक्रारी हाताळणाऱ्यांचा, मध्यक वार्षिक पगार ९३,५०० डॉलर होता. म्हणजे निम्म्या तज्ज्ञांना याहून जास्त मिळतात, निम्म्यांना कमी. सगळ्या व्यवसायांचा मिळून मध्यक त्याच पाहणीत ४९,५०० डॉलर होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून एक बाजू म्हणते, कामगारांच्या वर्गणीवर जगणारे हे लोक कामगारांच्या जवळपास दुप्पट कमावतात, यांच्या पगाराला कात्री लावा. दुसरी बाजू बचावाला उतरते आणि काम किती जोखमीचे आहे, कामाचे तास कसे बेहिशेबी असतात, हे सांगत बसते. दोघेही एक गोष्ट धरून चालले आहेत की ९३,५०० डॉलर हा एकाच प्रकारच्या माणसाचा पगार आहे. तसा तो नाही. माझे म्हणणे असे की टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण बसले आहे हे न पाहता या पेशातला पगार जास्त की कमी हे ठरवताच येत नाही. संघटनेच्या बाजूचा पगार कामगाराच्या पगाराला जखडला, तर ते कामगाराच्याच अंगाशी येते. आणि पगार उघड करायचे असतील, तर ते दोन्ही बाजूंचे करायला हवेत.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. संघटनेचा बिझनेस एजंट (शाखेचे रोजचे काम पाहणारा पगारी प्रतिनिधी), तिचा क्षेत्रीय प्रतिनिधी, कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात युनियनचा करार सांभाळणारा अधिकारी आणि सरकारी खात्यात व्यवस्थापनाच्या वतीने संघटनेशी बोलणारा कर्मचारी, हे सगळे एकाच गटात मोजले जातात. त्यांत संघटनांच्या नोकरीत असलेल्यांचा वाटा मोठा आहे. पाहणी फक्त पगारदारांची असते. स्वतःचा व्यवसाय करणारा सल्लागार तिच्यात येतच नाही. पगार म्हणून मूळ दर धरला जातो. वर्षअखेरचा बोनस, ओव्हरटाइम आणि शेअरच्या रूपात मिळणारा मोबदला वगळला जातो, आणि या वगळलेल्या गोष्टींपैकी बोनस आणि शेअर मुख्यतः कंपनीच्याच बाजूला मिळतात. वार्षिक आकडा ताशी दराला २,०८० तासांनी गुणून काढतात. त्यामुळे दिवसा यंत्रावर उभा राहून संध्याकाळी चार तास युनियनचे काम पाहणारा स्थानिक पदाधिकारीही हिशेबात पूर्णवेळचा होतो. शिवाय जो माणूस वर चढतो तो गटातूनच निघून जातो. कंपनीतला तज्ज्ञ कामगार-संबंध व्यवस्थापक झाला की त्याची गणना मनुष्यबळ व्यवस्थापकांत होते, ज्यांचा मध्यक मे २०२४मध्ये १,४०,०३० डॉलर होता. कराराचा मसुदा तपासणारा वकील वकिलांच्या रकान्यात जातो. वीस वर्षे अनुभव असलेला युनियन प्रतिनिधी मात्र बहुधा याच गटात राहतो. थोडक्यात, कंपनीच्या बाजूचा सगळ्यात महागडा भाग गाळून उरलेल्यांचा काढलेला हा मध्यक आहे. त्यावरून संघटनांना उधळे ठरवणे हिशेबाला धरून नाही.

पगारात फरक पडतो तो मुख्यतः तीन गोष्टींनी: पैसे कोण देतो, करार किती मोठे आहेत आणि काम कुठे आहे. सरकारी नोकरीत हा फरक उघड्यावर दिसतो. संघराज्य सरकारच्या सर्वसाधारण वेतनश्रेणीत १५ श्रेणी आहेत आणि प्रत्येकीत १० पायऱ्या. २०२५मध्ये बाराव्या श्रेणीच्या पहिल्या पायरीचा मूळ पगार ७५,७०६ डॉलर होता. त्यावर स्थानिक भत्ता चढतो. वॉशिंग्टन परिसरात तोच पगार १,०१,४०१ डॉलर होत होता, आणि ज्या भागांना वेगळा भत्ता ठरवलेला नाही तिथे ८८,६२१. काम तेच, श्रेणी तीच, फरक जवळपास १३ हजारांचा. कंपन्यांत असा तक्ता बाहेर दिसत नाही. तिथे एका कारखान्याचा करार पाहणारा आणि दहा राज्यांतले करार एकत्र हाताळणारा, यांच्या पदनामात एका शब्दाचा आणि पगारात दुपटीचा फरक असू शकतो. संघटनांमध्ये तर प्रत्येकीची रीत वेगळी. काही ठिकाणी प्रतिनिधीचा पगार सभासदांच्या वरच्या दराशी जोडलेला असतो, काही ठिकाणी कार्यकारिणी ठरवते, आणि लहान स्थानिक शाखेत पगार नसतोच, कामावरून सुटलेल्या तासांची भरपाई तेवढी मिळते. तिला तिथे 'लॉस्ट टाइम' म्हणतात. राज्याराज्यांतला फरक संघटनांच्या बळाशीही बांधलेला आहे. २०२४मध्ये हवाईत २६.५ टक्के पगारदार संघटनेचे सभासद होते, नॉर्थ कॅरोलायनात २.४ टक्के. जिथे करारच नाहीत तिथे करार सांभाळणारा तरी कशाला लागेल?

आता विरोधकांच्या बाजूने जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करू. पहिले, हा पैसा कामगारांच्या पगारातून कापलेल्या वर्गणीचा आहे. कंपनीचा अधिकारी भागधारकांच्या पैशावर जगतो, युनियनचा प्रतिनिधी रात्रपाळी करणाऱ्याच्या घामावर. दोघांना एकच मोजपट्टी लावता येत नाही, हे खरेच आहे. दुसरे, पगार वाढला की अंतर वाढते. ज्याला स्वतःच्या विम्याच्या हप्त्याची काळजी उरलेली नाही, त्याला सभासदाची काळजी ऐकू येईलच असे नाही. तिसरे, भ्रष्टाचार. मोटार कामगारांच्या युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेच्या दोन माजी अध्यक्षांनी २०२०मध्ये संघटनेच्या पैशाच्या अपहारात गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. चौथा मुद्दा सगळ्यात कठीण आहे. युनायटेड इलेक्ट्रिकल वर्कर्स ही संघटना दशकानुदशके आपल्या पदाधिकाऱ्यांचा पगार उद्योगातल्या कामगाराच्या वरच्या दरापलीकडे जाऊ देत नाही. ती लढाऊ आहे आणि टिकूनही आहे. मग सगळ्यांनीच तसे का करू नये?

याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. करार मोजूनच ते द्यावे लागेल. समजा एका कारखान्यात १,००० कामगार आहेत, ताशी दर ३० डॉलर आणि वर्षाला २,०८० तास. वार्षिक वेतनखर्च ६ कोटी २४ लाख डॉलर झाला. चार वर्षांच्या कराराची बोलणी चालू आहेत आणि कंपनी म्हणते, पहिल्या वर्षी तीन टक्के देतो. हे तीन टक्के मूळ दरात मिसळणार की एकरकमी मिळणार? एकरकमी असतील तर कंपनीला एकदाच १८ लाख ७२ हजार मोजावे लागतात. मूळ दरात मिसळले तर तेवढीच रक्कम चारही वर्षे द्यावी लागते, म्हणजे ७४ लाख ८८ हजार. ओव्हरटाइमचा दीडपट दर, सुट्यांचा पगार आणि निवृत्तीची वर्गणी या वाढीव दरावर पुन्हा चढते ती वेगळीच. शिवाय पुढचा करार वाढलेल्या पायावरून सुरू होतो. कामगाराच्या हाती पहिल्या वर्षी दोन्ही प्रकारांत सारखेच पैसे पडतात. फरक ५६ लाखांवर जातो तो नंतर. ही खोच टेबलावर ओळखणारा माणूस आणि 'तीन टक्के मिळवले' म्हणून सही करणारा माणूस, यांच्या पगारात ३० हजारांचा फरक असला तर तो महाग म्हणायचा का?

विम्याचे कलम याहून फसवे असते. कुटुंबाचा वार्षिक हप्ता २४,००० डॉलर धरा. करारात 'कंपनी हप्त्याचे ८० टक्के भरेल' असे लिहिले काय किंवा 'कंपनी १९,२०० डॉलर भरेल' असे लिहिले काय, सहीच्या दिवशी दोन्ही एकच. हप्ता दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढला तर तीन वाढींनंतर तो सुमारे २८,५८४ डॉलर होतो. टक्केवारीच्या कलमात कामगाराच्या वाट्याला ५,७१७ येतात, ठरावीक रकमेच्या कलमात ९,३८४. वर्षाला ३,६६७ डॉलरचा हा खड्डा आहे. वरच्या उदाहरणातली तीन टक्क्यांची वाढ एका कामगाराला वर्षाला १,८७२ डॉलर देते. म्हणजे एका वाक्याने ती वाढ गिळून वर तेवढेच जवळजवळ खिशातून काढले. असे वाक्य रात्री अकराला, संपाची मुदत एका तासावर आलेली असताना, सातव्या मसुद्यात सरकवले जाते. ते पकडायला अनुभवच लागतो, आणि अनुभव तयार होत असतानाच माणूस पगारासाठी पलीकडे गेला, तर कंपनीला आयता तज्ज्ञ मिळतो आणि संघटनेला पुन्हा पहिल्यापासून माणूस घडवावा लागतो.

आता वर्गणीचा हिशेब. वरच्या कामगाराची वार्षिक कमाई ६२,४०० डॉलर. दीड टक्का वर्गणी धरली तर वर्षाला ९३६ डॉलर. एक लाख डॉलर पगाराचा प्रतिनिधी या हजार जणांमागे पूर्णवेळ ठेवला तर प्रत्येकाला तो वर्षाला १०० डॉलरना पडतो. त्याचा पगार ३० हजारांनी वाढवला तर प्रत्येकावर ३० डॉलरचा बोजा, ताशी दीड सेंटहूनही कमी. पगार कमी ठेवून वाचतात ते हे दीड सेंट.

चुकीची किंमत फक्त कराराच्या वेळीच मोजावी लागते असेही नाही. रोजचे काम तक्रारींचे असते. करारात प्रत्येक टप्प्याला मुदत लिहिलेली असते: पर्यवेक्षकाकडे इतक्या दिवसांत, पुढे व्यवस्थापनाकडे इतक्या दिवसांत, मग लवादाकडे. एक मुदत हुकली की तक्रार कितीही खरी असली तरी लवाद ती मुदतीबाह्य म्हणून बाजूला ठेवू शकतो. एकाच प्रतिनिधीच्या गळ्यात डझनभर करार असतात आणि प्रत्येकाच्या मुदती वेगळ्या. १९६७च्या वाका विरुद्ध साइप्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघटनेवर न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य स्पष्ट केले. १९८३च्या बोवेन विरुद्ध टपाल सेवा या खटल्यात त्याची किंमतही ठरली. कामावरून काढलेल्या सभासदाची तक्रार संघटनेने पुरेशा कारणाविना लवादाकडे नेली नाही. नुकसानभरपाईत टपाल सेवेच्या वाट्याला २२,९५४ डॉलर आले आणि संघटनेच्या वाट्याला ३०,०००. बेकायदा काढले मालकाने, पण मोठा भाग भरावा लागला संघटनेला. हे पैसेही वर्गणीचेच होते.

युनायटेड इलेक्ट्रिकलच्या उदाहरणाचा आदर ठेवूनच त्यातली अट लक्षात आणून द्यावीशी वाटते. ती मर्यादा उद्योगातल्या वरच्या दराला बांधलेली आहे, आणि त्या उद्योगात हा दर माणसाला कुटुंब चालवता येईल असा राहिला आहे. तोच नियम घरोघरी जाऊन वृद्धांची आणि आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मदतनिसांच्या संघटनेला लावून पाहा. त्यांचा मध्यक पगार मे २०२४मध्ये ३४,९०० डॉलर होता. त्यांच्या वतीने बोलणाऱ्यालाही त्याच्याच आसपास ठेवायचे आणि समोर तासावर बिल लावणारी वकिलांची फर्म बसवायची? मग जो कामगार सगळ्यात गरीब, त्यालाच सगळ्यात कच्चा प्रतिनिधी मिळेल. समतेच्या नावाने केलेल्या नियमातून इतका उलटा परिणाम निघत असेल तर तो नियम तपासून पाहायला हवा.

पगाराला मर्यादा घालण्याच्या बाजूने इतिहासाचाही हवाला दिला जातो. १८७१च्या पॅरिस कम्यूनने, म्हणजे पॅरिसमध्ये थोडा काळ टिकलेल्या क्रांतिकारी सत्तेने, अधिकाऱ्यांच्या पगारावर वर्षाला ६,००० फ्रँकची मर्यादा घातली, हे खरे. पण ती मर्यादा सामान्य कामगाराच्या कमाईच्या बरीच वर होती. तिचा रोख होता गलेलठ्ठ सरकारी वेतनांवर. कामाचे जाणकार टिकणार नाहीत इतका पगार खाली आणणे हा तिचा हेतू नव्हता. अमेरिकेतला अनुभव तर नेमका उलटा धडा देतो. १८७३च्या मंदीत अनेक संघटना मोडून पडल्या, कारण वर्गणी नाममात्र, तिजोरी रिकामी आणि पूर्णवेळ काम पाहणारे कोणी नाही. सिगार कामगारांच्या संघटनेने त्यानंतर स्ट्रासर आणि गॉम्पर्स यांच्या नेतृत्वाखाली चढी वर्गणी, आजारपणाचे लाभ आणि पगारी पदाधिकारी ही घडी बसवली. १८८६मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर हा संघटनांचा महासंघ उभा राहिला तो याच विचारावर. स्वस्तातली संघटना पहिल्या वादळात जाते, हे तेव्हाच्या कामगारांनी पोट जाळून शिकलेले होते.

पलीकडची बाजू तर सुरुवातीपासून पैसे मोजूनच शहाणपण विकत घेत आली आहे. १९१४मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे खाण कामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला होऊन बायका-मुले मेली, तेव्हा बदनामी झालेल्या खाणमालक रॉकफेलरांनी कॅनडाचे माजी कामगारमंत्री मॅकेन्झी किंग यांना औद्योगिक संबंधांच्या कामावर घेतले. किंग पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. ज्या पेशाचा पगार आज मोजला जातो आहे, त्याची कंपनीच्या बाजूची एक मोठी मुळी तिथे आहे. त्या वेळी कोणी विचारले होते का, की या तज्ज्ञाला खाण कामगाराइतकाच पगार का नको?

भ्रष्टाचाराचा मुद्दा मी टाळत नाही, पण तो पगाराच्या रकान्यात सापडला नव्हता. मोटार कामगार संघटनेच्या अध्यक्षांनी पैसे उडवले ते परिषदांच्या खर्चाच्या नावाखाली: पाम स्प्रिंग्जमधले बंगले, गोल्फ, सिगार. पगारावर मर्यादा असती तरी ही बिले तशीच निघाली असती, कदाचित जास्तच. आणि त्याच प्रकरणात फियाट क्रायसलर या मोटार कंपनीचा कामगार-संबंध विभागाचा उपाध्यक्ष, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस, कामगारांच्या प्रशिक्षणासाठीचा निधी वळवून संघटनेच्या नेत्यांना लाच देताना आणि स्वतःसाठी फेरारी घेताना पकडला गेला. २०१८मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. कंपनी त्याला भरपूर पगार देत होती. कमी पगार प्रामाणिकपणाची हमी देत नाही आणि जास्त पगारही देत नाही. खर्चाची प्रत्येक पावती कोण तपासतो, यावर ते ठरते.

आणि इथेच या वादातली सगळ्यात मोठी गफलत आहे. संघटनेच्या लोकांचा पगार आपल्याला माहीत असतो, कारण १९५९चा कायदा तो उघड करायला लावतो. वार्षिक जमा २,५०,००० डॉलर किंवा अधिक असलेल्या संघटनेला एलएम-२ हा अर्ज भरावा लागतो. त्यात प्रत्येक पदाधिकाऱ्याचे आणि १०,००० डॉलरहून जास्त घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, पगार, भत्ते, शिवाय त्याचा किती टक्के वेळ प्रतिनिधित्वावर आणि किती राजकीय कामावर गेला, हे सगळे येते. कोणीही घरबसल्या ते पाहू शकतो. हे चांगलेच आहे, तसेच राहावे. पण तोच कायदा सिनेटच्या मॅक्लेलन समितीच्या चौकशीतून आला होता, आणि त्या चौकशीत संघटनांच्या भ्रष्ट नेत्यांबरोबर नेथन शेफरमन यांची शिकागोतली संघटनाविरोधी सल्लागार फर्मही उघडी पडली होती. म्हणून त्या कायद्याच्या कलम २०३ मध्ये मालक आणि सल्लागार यांच्यावरही अर्ज लादले गेले: मालकाशी करार झाल्यापासून ३० दिवसांत सल्लागाराचा एलएम-२०, वर्षअखेरीनंतर मालकाचा एलएम-१०. मग पोटकलम 'सी'ने 'सल्ला' वगळला. सल्लागार कामगारांशी थेट बोलला तर अर्ज, पडद्याआडून पर्यवेक्षकाला काय बोलायचे ते लिहून दिले तर काही नाही, असा अर्थ रूढ झाला. २०१६मध्ये ही पळवाट बुजवणारा नियम आला. टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रोखला आणि २०१८मध्ये तो मागेच घेतला गेला. पोटकलम 'ई'ने कंपनीच्या नेहमीच्या नोकरांना त्यांच्या कामापुरते आधीच मोकळे ठेवले आहे.

इतक्या गाळणीतूनही जे बाहेर येते ते बोलके आहे. ॲमेझॉनने २०२२ या वर्षासाठी अशा सल्लागारांवर एक कोटी ४० लाख डॉलरहून अधिक खर्च दाखवला. अलाबामातल्या बेसेमर इथे संघटना हवी की नको यावर मतदान झाले त्या वेळी एका सल्लागाराचा दर दिवसाला ३,२०० डॉलर होता. तीस दिवसांत त्याची कमाई ज्या ९३,५०० वर सगळा गदारोळ चालतो त्याच्या पुढे जाते. स्वतःच्या फर्मचा मालक असलेला असा सल्लागार कामगार-संबंध तज्ज्ञांच्या पाहणीत मोजलाही जात नाही.

तेव्हा मागणी करायची तर नेमकी करा. संघटनांनी प्रतिनिधीच्या पगाराची श्रेणी त्याच भागातल्या कंपनीच्या आणि सरकारी अधिकाऱ्याच्या पगाराशी ताडून लिहावी, ती सभासदांच्या मताला टाकावी, आणि वाढ सभासदांच्या करारात मिळालेल्या सरासरी वाढीहून जास्त द्यायची असेल तर पुन्हा मत घ्यावे. प्रवास आणि परिषदांचा खर्च पावतीसह वेगळा दाखवावा आणि त्यावर पदाधिकारी नसलेल्या सभासदांची तपासणी समिती असावी. कलम २०३ मधली सल्ल्याची सूट फक्त न्यायालयीन कामापुरती ठेवावी. आणि मालकाच्या एलएम-१० मध्ये कंपनीच्या पगारी कामगार-संबंध अधिकाऱ्यांचा किती वेळ संघटना रोखण्यावर गेला आणि त्या वेळेचा पगार किती, हे पदनिहाय यावे, नावे नकोत. यावर खासगीपणाचा आक्षेप लगेच येईल. पण वर्षाला १०,००१ डॉलर घेणाऱ्या युनियन कार्यालयातल्या टंकलेखकाचे नाव आणि पगार आज कोणालाही वाचता येतो. कंपनीच्या उपाध्यक्षाच्या पदाचा आकडा, नाव न घालतासुद्धा, त्याहून जास्त खासगी कसा ठरतो, हे आक्षेप घेणाऱ्यांनी आधी सांगावे.